मुलांना आधी विचारा

प्रश्न : आमचा बचत गट वस्तीतल्या कुटुंबांसाठी सकस आहाराचा उपक्रम आखतो आहे. मागच्या व्याख्यानाला मोठी मुलं फिरकलीच नाहीत. त्यांना कसं ओढावं?

उत्तर : ओढू नका, आखणीलाच बसवा. तक्ता छापून झाल्यावर ‘तुमचं मत सांगा’ म्हणणं म्हणजे वरात निघाल्यावर नवऱ्याला पसंती विचारणं!

पहिलं काम त्यांनाच द्या. दुकानातल्या पुड्यांवरची घटकांची यादी वाचायला सांगा. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, त्यामुळे साखर पहिल्या दोनतीन नावांत दिसली की वेगळं व्याख्यान लागत नाही. दुसरं, मिठाच्या पुडीवर फोडल्याची तारीख लिहायची. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे. म्हणजे चौघा प्रौढांच्या घरी किलोची पुडी निदान 50 दिवस टिकावी, आणि यात फरसाण, पापड, लोणच्यातलं मीठ धरलेलंच नाही. हा हिशेब लेकीने मांडला की आई ऐकते. मी मांडला तर जांभई देते.

पाककृतीही मुलांनाच ठरवू द्या. नाचणीचा डोसा त्यांना आवडेल, आंबील कदाचित नाही. हट्ट धरू नका. मात्र वजन, जाडी यांवर चर्चा नको. कोवळ्या वयात ती फार लागते.

पुढच्या बैठकीला निम्म्या खुर्च्या त्यांच्यासाठी ठेवा.