टीडीएसचा आकडा चांगला आला, म्हणून पाण्यात शिसं नाही असं समजू नका



हैदराबादेत बरकतपुऱ्यात राहणाऱ्या आपल्या एका कुटुंबाकडून प्रश्न आला : "टीडीएस मीटरवर १८० आलं. म्हणजे पाण्यात शिसं नाही ना?" हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो, म्हणून उत्तर इथेच देत आहोत.

तसं म्हणता येत नाही. आयएस १०५०० या भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. टीडीएस मीटर विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा मिळून ढोबळ आकडा देतो. त्यावर शिसं शोधणं म्हणजे मासळीच्या काट्यावर सोनं तोलणं.

म्हणून कुठलीही तपासणी करण्याआधी एकच विचारा : हिला कमीत कमी किती शिसं कळतं?

१) रंग बदलणारी पट्टी : स्वस्त आहे. पण पाकिटावरचा सर्वात खालचा आकडा ०.०१ पेक्षा मोठा असेल तर आपल्या कामाची नाही.

२) गावातलं फील्ड टेस्ट किट : क्षार, लोह, फ्लोराइड, नायट्रेट यांसाठी ठीक. नेहमीच्या किटात शिशाची तपासणी नसते.

३) प्रयोगशाळा : भरवशाचा मार्ग हाच. साध्या फ्लेम एएएस यंत्राला इतकं कमी शिसं नीट पकडता येत नाही. ग्राफाइट फर्नेस एएएस किंवा आयसीपी-एमएस आहे का, विचारा. एनएबीएल मान्यता शिशाच्या तपासणीसाठी आहे का, तेही बघा. रिपोर्टमध्ये नुसतं "आढळलं नाही" नको, किती आकड्यापर्यंत मोजलं ते लिहून घ्या.

नमुना कसा घ्यायचा? शिसं बहुधा जुन्या पाइपातून, पितळी तोटीतून किंवा जोडाच्या डाखातून उतरतं. २०१४ नंतर अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात घराघरांतल्या नळांना शिसं आलं ते पाइपांतूनच. म्हणून नमुना टाकीतून नको, पिण्याच्या नळातूनच घ्या. रात्री नळ बंद ठेवा, किमान सहा तास. सकाळी पहिलं एक लिटर पाणी एका बाटलीत, मग पाच मिनिटं नळ सोडून दुसऱ्या बाटलीत. पहिल्यात शिसं जास्त आणि दुसऱ्यात कमी निघालं, तर दोष बहुतेक घरातल्या पाइपात किंवा तोटीत. बाटल्या प्रयोगशाळेकडूनच आणा.

पाणी उकळून शिसं जात नाही, उलट पाणी आटल्याने प्रमाण वाढतं. रिपोर्ट वाईट आला तर पिण्या-रांधण्याला दुसरं पाणी घ्या, विशेषतः लहान मुलं आणि गरोदर बायकांसाठी. मुलांच्या बुद्धीच्या वाढीवर शिशाचा परिणाम होतो आणि झालेलं नुकसान सहसा भरून निघत नाही.

आपल्या घरात शिसं आणखी एका वाटेने येतं : जाळ्याच्या गोळ्या आणि जुन्या बॅटऱ्या. शिसं वितळवायचं भांडं स्वयंपाकात वापरू नका. हे काम पिण्याच्या पाण्यापासून आणि मुलांपासून लांब करा, नंतर हात धुवा, कपडे बदला.

आपले,
सचिव