दृष्टिवैषम्य : ओळख आणि आपल्या चिकित्सेची मर्यादा

नेत्ररुग्ण 'अंधुक दिसते' एवढेच सांगतो. त्यामागे तिमिर आहे, अर्म आहे की केवळ चष्म्याचा दोष, हे वैद्याने ठरवावयाचे असते. चष्म्याच्या दुकानात ज्यास 'सिलिंडरचा नंबर' म्हणतात, त्या दृष्टिवैषम्याचा येथे विचार करू.

डोळ्याच्या सुमारे ६० डायॉप्टर शक्तीपैकी ४३ च्या आसपास शक्ती स्वच्छमंडलाची, म्हणजे कृष्णमंडलाच्या दर्शनी पारदर्शक भागाची असते. हे पटल चेंडूप्रमाणे सर्व दिशांनी सारखे वक्र असावे. ते अंड्याच्या कुशीसारखे एका दिशेने अधिक वक्र झाले, की उभ्या व आडव्या रेषांचे किरण एकाच ठिकाणी मिळत नाहीत. त्यामुळे दूरचे व जवळचे दोन्ही धूसर होते. देवनागरी वाचणाऱ्यास शिरोरेषा ठळक व काना फिका, किंवा याच्या उलट दिसू शकते. मुलाची 'घ'-'ध', 'भ'-'म' अशी गल्लत होऊ शकते. काशेडी घाटात रात्री वाहन चालविणाऱ्यास समोरच्या दिव्यांच्या रेघा ओढल्यासारख्या दिसतात. कपाळ दुखणे, डोळे बारीक करून पाहणे ही लक्षणे सोबत असतात.

थॉमस यंग यांनी १८०१ मध्ये स्वतःच्याच डोळ्यातील हा दोष मांडला. पुढे जॉर्ज एअरी यांनी १८२५ मध्ये स्वतःसाठी दंडगोलाकार भिंग करविले. सुश्रुतांनी तिमिरात एक वस्तू दोन दिसण्याचे वर्णन केले आहे, परंतु त्यावरून दृष्टिवैषम्यास तिमिर ठरविणे आम्हांस ओढाताणीचे वाटते.

आपला खरा संबंध अर्माशी आहे. उन्हातान्हात, धुळीत राबणाऱ्या शेतकरी व रस्ताकामावरील मजुरांत शुक्लमंडलावरून कृष्णमंडलाकडे सरकणारे मांस आढळते. ते स्वच्छमंडलास एका बाजूने ओढून चपटे करते व तेथूनही दृष्टिवैषम्य उद्भवते. सुश्रुतांनी अर्माचे पाच प्रकार सांगून ते छेद्य रोगांत घातले आहे. वाढलेले अर्म अंजनांवर महिनोन्‌महिने रेंगाळत ठेवू नये. शस्त्रकर्मानंतरही थोडा नंबर उरू शकतो, हे रुग्णास आधीच सांगावे.

डोळे सतत चोळणाऱ्या कंडूयुक्त मुलांबाबत विशेष सावध असावे. चोळण्याने स्वच्छमंडल शंकूसारखे पुढे येण्याचा धोका वाढतो. कंडूची चिकित्सा आपल्या हाती आहे, ती मन लावून करावी. मात्र सिलिंडरचा नंबर वारंवार बदलत असेल तर नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे.

चिकित्सालयात एक सोपी परीक्षा करता येते. पुठ्ठ्यास सुमारे १ मिलिमीटरचे छिद्र पाडून, एक डोळा झाकून, रुग्णास त्यातून पाहावयास सांगावे. अक्षर स्पष्ट झाले तर दोष बहुधा चष्म्याचा. न झाले तर मोतीबिंदू, दृष्टिपटलाचे रोग यांचा शोध घ्यावा. लहान मुलास तपासणीस पाठविण्यात दिरंगाई नको. प्रत्येक डोळ्याची स्पष्ट प्रतिमा मेंदूस वेळीच मिळाली नाही, तर पुढे चष्मा देऊनही दृष्टी पूर्ण येत नाही. तर्पण वा घृतपानाने पटलाची वक्रता बदलत नाही. 'चष्मा घालवू' हे आश्वासन देऊ नये.

औषधविक्रेत्यांसही एक विनंती. बाजारातील तयार वाचनचष्म्यांत सिलिंडर नसतो, म्हणून असा चष्मा घेऊनही डोके दुखणाऱ्यास थेंबांची बाटली देऊन परत पाठवू नये. चष्मा असेल तर दांडी पाहावी. सिलिंडरचा अक्ष ३० अंशांनी फिरला, तर दोष मूळचा होता तेवढाच उरतो. पुष्कळदा वाकलेली दांडी सरळ करून घेणे एवढाच उपाय पुरतो.