शोधण्याआधी वाट ठरवावी



गेल्या वर्षी आपल्या एका विद्यार्थिनीची शिष्यवृत्ती अडली होती. दाखल-खारीज रजिस्टरात तिचे नाव ऱ्हस्व, पावतीपुस्तकात दीर्घ, आणि समग्र आयडीत आडनावच वेगळे. मुलगी एकच, पण कागदावर तिघी झाल्या. चूक आमच्या कार्यालयाची होती. काम शेवटच्या दिवशी झाले खरे, पण तिच्या वडिलांची खाणीतील दोन दिवसांची हजेरी बुडाली. त्यानंतर अकरावीच्या मुलांनी शाळेच्या नोंदींसाठी एक छोटे डेटाबेस इंजिन स्वतः लिहायला घेतले. त्यातून मी जे शिकलो, ते आज सांगतो.

पहिला पाठ नात्यांचा. 1970 साली आय.बी.एम. कंपनीतील एडगर कॉड यांनी मांडले की माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी आणि तक्ते समान क्रमांकाने जोडावेत. आपल्या समग्र आयडीतही हेच आहे. कुटुंबाला 8 अंकी क्रमांक, त्यातील प्रत्येक सदस्याला 9 अंकी. एक कुटुंब, अनेक सदस्य. मुलांनीही तसेच केले. विद्यार्थ्याचे नाव फक्त ‘विद्यार्थी’ तक्त्यात, एकदाच. ‘पावती’ तक्त्यात नाव नाही, फक्त दाखल क्रमांक, ज्याला आपण स्कॉलर नंबर म्हणतो. नाव एकाच जागी असले की चूकही एकाच जागी दुरुस्त होते.

दुसरा पाठ वाटेचा. तिरोडीहून बालाघाटला कटंगीवरून जाता येते, तसेच तुमसर-गोंदियावरूनही. पोहोचणार एकाच गावी, पण वेळ व भाडे वेगळे. डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाचेही असेच आहे.

समजा शाळेत 600 विद्यार्थी आहेत आणि प्रत्येकाच्या वर्षाला 12 पावत्या, म्हणजे एकूण 7,200. प्रश्न असा : दहावीच्या 40 मुलांपैकी जुलैची फी कोणाची बाकी आहे?

पहिली वाट : प्रत्येक विद्यार्थी प्रत्येक पावतीशी ताडून पाहणे. 600 गुणिले 7,200, म्हणजे 43,20,000 वेळा पाहावे लागेल.

दुसरी वाट : 600 नावांतून आधी दहावीची 40 वेगळी काढणे, मग त्या प्रत्येकासाठी सर्व पावत्या चाळणे. एकूण 2,88,600.

तिसरी वाट : पावत्या दाखल क्रमांकाने लावून ठेवणे. शब्दकोशात शब्द शोधताना आपण मध्ये उघडतो, मग अर्धा भाग सोडून देतो. तसे केले तर 7,200 मधून हवी ती जागा जास्तीत जास्त 13 वेळा पाहून सापडते. 40 मुलांचे 520, त्यांच्या पावत्या वाचण्याचे 480 आणि आधीचे 600, मिळून 1,600. उत्तर तेच, पण कष्ट किती कमी!

मग तिसरी वाट नेहमीच चांगली का? नाही. सर्व 600 मुलांचा हिशेब हवा असेल तर तिला 15,600 वेळा पाहावे लागते. त्यापेक्षा क्रमाने लावलेले दोन्ही तक्ते शेजारी ठेवून एकदाच सरळ वाचले तर 7,800 मध्ये काम होते. म्हणून इंजिनाने आधी अंदाज करावा आणि मग वाट निवडावी. 1979 साली आय.बी.एम.च्या पॅट्रिशिया सेलिंजर व सहकाऱ्यांनी हीच रीत प्रसिद्ध केली : प्रत्येक वाटेचा खर्च मोजा, सर्वांत स्वस्त ती घ्या. यालाच क्वेरी ऑप्टिमायझेशन म्हणतात. मात्र हा अंदाज नोंदींच्या संख्येवर चालतो. संख्या जुनी असेल तर वाट चुकते.

आपल्याकडेही यावर मोठे काम झाले आहे. 2000 साली आय.आय.टी. मुंबईचे एस. सुदर्शन व सहकाऱ्यांनी एकाच वेळी आलेल्या अनेक प्रश्नांतील समान भाग एकदाच सोडवून सर्वांना वापरण्याच्या पद्धती मांडल्या. आमच्या कार्यालयात विश्वस्त फीची बाकी विचारतात, वर्गशिक्षक हजेरी, तर विभाग शिष्यवृत्तीची यादी. तिन्हींसाठी दहावीची यादी लागते. ती तीनदा का काढावी?

मुलांचे इंजिन अजून अपुरे आहे. वीज गेली की अर्धवट नोंद राहते, म्हणून कागदी रजिस्टर बंद केलेले नाही. पण एक गोष्ट मला पटली. यंत्र कितीही हुशार असो, चुकीच्या क्रमांकावरून ते दुसऱ्याच मुलापाशी पोहोचेल.

म्हणून पालकांना विनंती : शाळेत येऊन पाल्याचे नाव, जन्मतारीख व समग्र आयडी एकदा स्वतः वाचून पाहा. पाच मिनिटे लागतील. कोणाची हजेरी पुन्हा बुडू नये, एवढीच इच्छा.

आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हाला गृहपाठ : आपल्या वर्गाच्या ग्रंथालय नोंदींचे दोन तक्ते करा, आणि ‘कोणते पुस्तक कोणाकडे आहे’ हे शोधण्याच्या दोन वाटा मोजून आणा.

— मुख्याध्यापक