नावाऐवजी धंदा : आउगुस्ट झांडर यांची छायाचित्रे

प्रवेशअर्जातील ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात मी ‘कॉन्ट्रॅक्टर’ असे लिहिले होते. वस्तुतः आप्पा गवंड्याच्या हाताखाली विटा वाहतात. ही खोटी नोंद मला टोचू लागली ती एका जर्मन छायाचित्रकारामुळे. म्हणून कलेतले फारसे कळत नसताना, वाणिज्य शाखेतला असूनही, हा लेख लिहीत आहे.

आउगुस्ट झांडर यांचा जन्म १८७६ चा. वडील खाणीवर सुतार होते आणि झांडर स्वतःही लहानपणी खाणीत राबले. पुढे कोलोन शहरात त्यांनी स्टुडिओ काढला. गिऱ्हाईक मिळविण्यासाठी ते सायकलीवरून वेस्टरवाल्ड भागातील खेडी हिंडत आणि शेतकऱ्यांचे फोटो काढीत. त्यातूनच ‘विसाव्या शतकातील माणसे’ ही योजना निघाली. साऱ्या समाजाचे सात गट : शेतकरी, कारागीर, स्त्री, वर्ग व व्यवसाय, कलावंत, महानगर आणि शेवटची माणसे. आमच्या खतावणीत जशी खाती पाडतात तसेच हे झाले. फोटोखाली बहुधा नाव नाही, फक्त धंदा : ‘मिठाईवाला’, ‘वकील’, ‘बेकार’. स्त्रियांच्या गटात मात्र ‘चित्रकाराची पत्नी’ असे मथळे आहेत. तिचे खाते नवऱ्याच्या नावावर! हे मला खटकले.

ही छायाचित्रे संग्रहालयांतून फिरत असतात. २०२२ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात भरलेले प्रदर्शन त्याच वर्षी पुढे डेन्मार्कच्या लुइझियाना संग्रहालयात गेले. ते बेळगावला येणे नाही. इंग्रजीच्या सरांनी दिलेल्या जाडजूड पुस्तकावरच माझी भिस्त आहे.

१९२९ मध्ये झांडर यांनी ६० फोटोंचे पुस्तक काढले. १९३६ मध्ये नाझी सरकारने त्याचे छपाईचे ठसे नष्ट केले. सत्ताधाऱ्यांना एकाच साच्यातला जर्मन माणूस हवा होता, आणि या पुस्तकात तर बेकार आणि क्रांतिकारकही कारखानदाराइतक्याच ऐटीत उभे होते. थोरला मुलगा एरिख समाजवादी. त्याला १९३४ मध्ये अटक झाली, दहा वर्षांची शिक्षा झाली, आणि ती संपत आली असताना १९४४ मध्ये तो तुरुंगातच वारला. त्याचा कोठडीतला फोटो झांडर यांनी आपल्या योजनेत घातला. मथळा : ‘राजकीय कैदी’. पोटच्या मुलालाही त्यांनी नावाची सवलत दिली नाही. १९३८ च्या सुमारास ओळखपत्राच्या फोटोसाठी स्टुडिओत आलेले ज्यू स्त्री-पुरुष ‘छळ झालेले’ या मथळ्याखाली आहेत, आणि त्याच योजनेत नाझी गणवेशातले अधिकारीही आहेत. सगळ्यांना तोच शांत प्रकाश. येथे मी बराच वेळ थांबलो. जमा आणि नावे एकाच वहीत लिहावी लागतात हे आम्ही पहिल्याच वर्षी शिकतो. पण हे लिहिताना त्या बापाचा हात कसा चालला असेल?

१९४६ मध्ये कोलोनच्या तळघरात आग लागून सुमारे ३० हजार निगेटिव्ह जळाल्या. खेड्यात हलविलेल्या तेवढ्या वाचल्या. झांडर १९६४ मध्ये वारले. १९९२ मध्ये त्यांचा संग्रह विकत घेतला तो कोलोनच्या एका बचत बँकेच्या सांस्कृतिक प्रतिष्ठानाने. आमच्या शाखेने एवढा अभिमान बाळगायला हरकत नाही!

त्या पुस्तकात १९२८ चा एक फोटो आहे. मानेमागे फळी, फळीवर विटांची चळत, दोन्ही हातांनी ती धरून एक तरुण सरळ आपल्याकडे पाहतो आहे. मथळा : ‘हाताखालचा माणूस’. पुस्तक मी घरी नेले. आप्पांनी हात धुऊन ते जवळ घेतले. गाव, साल काही विचारले नाही. म्हणाले,

“मुरलेला गडी हाय ह्यो. नवा असता तर नजर पायाकडं लागली असती.”

यंदाच्या अर्जात तो रकाना मी नीट भरला आहे. सरांचे पुस्तक अजून आमच्याच घरी आहे.