लहान विमानतळ : परिसर अभ्यासाचा एक पाठ

वाहतुकीची साधने हा घटक शिकविताना बैलगाडी, एस. टी. व आगगाडी यांविषयी अध्यापक मनापासून बोलतो. विमानाचे नाव येताच मात्र भिंतीवरील चित्राकडे बोट दाखवून पुढे सरकतो. कारण उघड आहे. वर्गातील बहुतेक मुले विमानात बसलेली नसतात आणि पुष्कळदा अध्यापकही बसलेला नसतो. परंतु विमानतळ शिकविण्यासाठी त्याची आवश्यकता नाही. विमानतळ ही मुळात जमिनीवरची गोष्ट आहे. वारा, दिशा, लांबी आणि माणसांचे काम यांचा तेथे मेळ घातलेला असतो, आणि या चारही गोष्टी खेड्यातील मुलांच्या ओळखीच्या आहेत. मुंबईच्या भव्य विमानतळापासून आरंभ केल्यास मुले दिपून जातात, शिकत नाहीत. म्हणून येथे कोल्हापूरजवळील उजळाईवाडीचा लहान विमानतळ उदाहरणादाखल घेतला आहे.

हा विमानतळ छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, १९३९ साली सुरू झाला. संस्थानाच्या काळातील ही दूरदृष्टी मुलांना अवश्य सांगावी; मात्र इतिहासात फार वेळ न घालविता त्यांना धावपट्टीवर आणावे. पूर्वी ही धावपट्टी १,३७० मीटर लांब होती, ती पुढे १,९३० मीटर करण्यात आली. वाढ किती झाली, ही वजाबाकी मुलांनीच करावी. नुसत्या आकड्याने लांबीची कल्पना येत नाही. म्हणून शाळेपासून दोन किलोमीटरला थोडे कमी असे एखादे ओळखीचे ठिकाण निवडून तेथवर मुलांना चालवत न्यावे. इतकी लांबी कशाला, हा प्रश्न वाटेत कोणीतरी विचारतोच. सुमारे सत्तर आसनांच्या पंख्याच्या विमानाला तुलनेने आखूड पट्टी पुरते. दीडशे-पावणेदोनशे उतारूंच्या जेट विमानाला अधिक धाव घ्यावी लागते. त्यातून कोल्हापूरचा परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. उंचीवरील व उन्हाने तापलेली हवा विरळ असते, तिचा आधार कमी मिळतो, म्हणून धाव आणखी वाढते.

पाठाचा खरा गाभा धावपट्टीच्या क्रमांकात आहे. कोल्हापूरच्या पट्टीच्या एका टोकाला ०७ व दुसऱ्या टोकाला २५ असे आकडे आहेत. तेथे पंचवीस धावपट्ट्या आहेत, असा मुलांचा समज होऊ देऊ नये. होकायंत्राप्रमाणे उत्तरेपासून उजवीकडे मोजलेल्या अंशांना दहाने भागून, जवळचा पूर्णांक घेऊन हा आकडा ठरतो. ०७ म्हणजे सुमारे ७० अंश, पूर्वेच्या थोडे उत्तरेकडे. २५ म्हणजे सुमारे २५० अंश, पश्चिमेच्या थोडे दक्षिणेकडे. दोन टोके एकमेकांच्या विरुद्ध, म्हणून आकड्यांत नेहमी १८ चा फरक राहतो. मुंबईच्या मुख्य पट्टीचे एक टोक ०९ आहे, तर दुसरे कोणते? पुण्याचे एक टोक १० आहे, तर दुसरे? उत्तरे २७ व २८ अशी येतात. कोनमापकाचा कंटाळा असलेली मुलेही या उदाहरणाने उत्साहित होतात. नंतर शाळेच्या अंगणात चुन्याने एक पट्टी आखून तिला मुलांकडूनच क्रमांक द्यावा.

दिशेच्या पाठोपाठ वारा घ्यावा. पतंग उडविणारा मुलगा वाऱ्याकडे तोंड करून धावतो; विमानही शक्य तेव्हा समोरून येणारा वारा घेऊनच उडते व उतरते. पंखांवरून हवा जितक्या वेगाने वाहील तितकी उचल अधिक. समोरचा वारा हा वेग फुकट देतो. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो. आता पुन्हा २५ हा आकडा पाहावा, म्हणजे पट्टी वाऱ्याच्या तोंडाकडे कशी रोखलेली आहे ते ध्यानात येईल. वारा पाहण्यासाठी विमानतळावर खांबाला कापडी मोजा बांधलेला असतो. जुन्या लुगड्याचा तुकडा व तारेचे कडे घेऊन तो कार्यानुभवाच्या तासाला सहज करता येतो. वाऱ्याला नाव मिळते ते तो ज्या दिशेकडून येतो तिचे. मोज्याचे शेपूट मात्र उलट दिशेला जाते. येथे मुले हमखास चुकतात, तेव्हा घाई करू नये.

रात्री पट्टीच्या कडांना पांढरे दिवे, सुरुवातीला हिरवे, शेवटी तांबडे आणि विमाने नेण्याच्या जोडमार्गांच्या कडेला निळे दिवे असतात. एवढे सांगितले तरी पुरे.

धावपट्टी असली म्हणजे विमानसेवा असतेच असे नाही. कोल्हापूरची नियमित सेवा २०११ च्या अखेरीस खंडित झाली व एप्रिल २०१८ मध्ये केंद्र शासनाच्या ‘उडान’ योजनेखाली पुन्हा सुरू झाली. जागा भरल्या नाहीत तर विमान परवडत नाही; यासाठी या योजनेत ठरावीक जागांना भाड्याची मर्यादा घालून कंपनीची तूट काही वर्षे सरकारी निधीतून भरून देतात. आपल्या गावची मुक्कामी गाडी उतारूंअभावी बंद होते, तोच हा न्याय. १० मार्च २०२४ रोजी नव्या इमारतीचे उद्घाटन झाले. तिच्यात उतारूचा क्रम असा : दारात ओळखपत्र व तिकीट दाखविणे, मोठे सामान तोलून देऊन त्याची चिठ्ठी घेणे, अंगझडती व पिशव्यांची तपासणी, मग प्रतीक्षागृह. सामान देण्याची खिडकी बहुधा तासभर आधी बंद होते. वर्गातील बाके मांडून या क्रमाचे नाट्यीकरण करावे. वैमानिक सर्वांनाच व्हायचे असते. परंतु नियंत्रण मनोऱ्यातील अधिकारी, अग्निशामक जवान, सामान वाहणारा व झाडलोट करणारी बाई यांच्या भूमिका हुशार मुलांना मुद्दाम द्याव्यात.

विमानतळालगतच्या शाळांसाठी एक गोष्ट पाठाहून महत्त्वाची आहे. विमानतळाच्या १० किलोमीटरच्या आत उघड्यावर जनावरे कापणे, कातडी सोलणे व घाण टाकणे यांस कायद्याने मनाई आहे. घाणीवर घारी व कावळे जमतात. पक्षी इंजिनात शिरल्यास शेकडो जीव धोक्यात येतात. शालेय पोषण आहाराचे खरकटे शाळेमागे उघडे पडत असेल, तर त्या धोक्यात आपलाही हातभार लागतो. खड्डा खणून ते मातीखाली झाकावे. खताचेही काम होते.

लगतच्या गावांतील काही मुलांच्या घरची शेते विमानतळासाठी गेलेली असू शकतात. ‘गावाचे भाग्य उजळले’ अशी वाक्ये त्यांच्यासमोर उच्चारू नयेत आणि भरपाईची चौकशीही वर्गात करू नये. एखादे मूल आपण होऊन ‘आमची विहीर तिथे होती’ असे म्हणाल्यास त्याला बोलू द्यावे व ती जागा नकाशात दाखवू द्यावी. प्रत्यक्ष भेटीसाठी मुख्याध्यापकांनी विमानतळ संचालकांना आधी पत्र द्यावे. परवानगी न मिळाल्यास कुंपणाबाहेरील सुरक्षित जागेवरून विमान कोणत्या टोकाकडे तोंड करून उतरले याची नोंद मुलांनी करावी, आणि शाळेत परतल्यावर आपल्या मोज्याची त्या वेळची दिशा तिच्याशी ताडून पाहावी.