जवळच्या फेकीची चकती : निवड व पारख
(इयत्ता तिसरी ते सातवी, शारीरिक शिक्षण व परिसर अभ्यास)

ठिकरीचा खेळ आपल्या जिल्ह्यातील कोणत्याही गावच्या अंगणात पाहावयास मिळतो. परंतु खेळ सुरू होण्यापूर्वी मुली काय करतात, इकडे शिक्षकांचे लक्ष सहसा जात नाही. फुटलेल्या माठाची दहा-पंधरा खापरे त्या हातात घेऊन पाहतात. फार हलके खापर त्या टाकून देतात, कारण ते घरात पडून पुढे उडते. फार जड असेल तेही टाकतात, कारण लंगडी घालताना ते पायाने सरकत नाही. फुगीर असेल तर ते डुलते. अखेर एक पसंत करून त्याच्या कडा दगडावर घासून बोथट करतात व ते दप्तरात जपून ठेवतात. वजन, आकार, कड आणि पडल्यावर जमिनीवर स्थिर राहण्याचा गुण या चारही गोष्टींची परीक्षा आठ वर्षांच्या मुलीने कोणी न शिकविता केलेली असते. प्रस्तुत पाठाचा विषय याहून फारसा निराळा नाही.

चकती फेकण्याचा जो खेळ आज जगात ‘डिस्क गोल्फ’ या नावाने खेळला जातो, त्यात गोल्फप्रमाणेच कमीत कमी फेकींत लक्ष्य गाठावयाचे असते. मात्र चेंडूऐवजी उडती चकती आणि जमिनीतील खळग्याऐवजी खांबावरील टोपली असते. टोपलीच्या वर साखळ्या लोंबत असतात. चकती त्यांवर आपटली म्हणजे तिचा वेग साखळ्या शोषून घेतात व ती खाली टोपलीत पडते. या खेळासाठी कायम स्वरूपाचे पहिले मैदान कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह उद्यानात १९७५ साली तयार झाले. साखळ्यांची टोपली ज्यांनी सिद्ध केली, त्या एड हेड्रिक यांनीच १९७६ साली या खेळाची संघटना, म्हणजे प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन, स्थापन केली. खेळ परदेशी म्हणून बिचकण्याचे कारण नाही. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन येथे ऑलिंपिकच्या प्रसंगी आपले देशी खेळ करून दाखविले होतेच. खेळांची देवघेव ही अशी दोन्ही बाजूंनी चालते.

लांब फेकीची चकती आणि जवळच्या फेकीची चकती या दोन वेगळ्या वस्तू आहेत. हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे माझ्या हातून एक चूक घडली, ती येथे सांगणे मला आवश्यक वाटते. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत मी शहरातील एका दुकानातून शाळेसाठी सहा चकत्या आणल्या. वेष्टनावर ‘सर्वांत दूर जाणारी’ असे छापलेले होते, एवढ्यावरच मी त्या घेतल्या. त्यांची कड पातळ, रुंद व टणक होती. दुसऱ्याच दिवशी चौथीतील एका मुलीच्या भुवईवर चकती लागून जखम झाली व टाके घालावे लागले. डोळा थोडक्यात वाचला. संध्याकाळी तिचे वडील शेतातून परस्पर शाळेत आले. ते रागावतील अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी चकती हातात घेतली, कडेवरून अंगठा फिरविला आणि एवढेच विचारले, “गुरुजी, घेतानी हातात धरून पाह्यली होती काय?” विळा किंवा खुरपे घेताना जो मनुष्य मुठीपासून पात्यापर्यंत हात फिरवून पाहतो, त्याचा तो प्रश्न होता. मजजवळ उत्तर नव्हते. पुढे कित्येक महिने त्या वर्गातील मुली मैदानावर आल्या नाहीत.

तेव्हा पारखीचा आरंभ कडेपासून करावा. लांब फेकीच्या चकतीची कड हवा कापण्यासाठी निमुळती केलेली असते. संघटनेच्या नियमानुसार कडेची रुंदी २.६ सेंटिमीटरपर्यंत असू शकते, आणि कडेच्या टोकाची गोलाई १.६ मिलिमीटर त्रिज्येपेक्षा कमी असू नये असे बंधन आहे. हे बंधन प्रौढ खेळाडूंसाठी आहे. आपल्या वर्गासाठी ते पुरेसे नाही. जवळच्या फेकीच्या चकतीची कड अरुंद, जाड व बोथट असते. ती हवेला अडते, म्हणून संथ जाते. आणि संथ जाते म्हणूनच नेमाच्या उपयोगी पडते. दोन्ही चकत्या डोळे मिटून हातात घेतल्या तरी फरक कळतो. कडेवरून अंगठा फिरविताना वरणाच्या वाटीच्या काठासारखा गोल स्पर्श झाला तर चकती घ्यावी. पात्याची आठवण झाली तर परत करावी.

त्यानंतर पकड पाहावी, पण ती आपल्या हाताने पाहू नये. ज्या मुलांसाठी चकती घ्यावयाची, त्यांपैकी एकास शक्य तर बरोबर न्यावे. अंगठा वर, बोटे खाली कडेच्या आतल्या बाजूस, अशी चकती धरली असता बोटांची पेरे कडेवर सहज वळली पाहिजेत. कड फार खोल असेल तर लहान मुलांची बोटे आत पोहोचत नाहीत. मग ती तळहाताने चकती दाबून धरतात व फेकीच्या वेळी ती वेळेवर सुटत नाही. मुलास नेम येत नाही असा शेरा आपण मारतो, तो पुष्कळदा वास्तविक चकतीवर मारावयास हवा.

वजनाविषयी संघटनेचा नियम असा की, चकतीचा व्यास किमान २१ सेंटिमीटर असावा, आणि व्यासाच्या दर सेंटिमीटरमागे ८.३ ग्रॅमपेक्षा अधिक वजन नसावे. शिवाय कोणतीही चकती २०० ग्रॅमच्या वर जाऊ नये. पाचवीच्या वर्गास हा दशांश गुणाकाराचा उत्तम प्रश्न आहे. चकतीचा व्यास २१.२ सेंटिमीटर असेल तर तिचे कमाल वजन किती? उत्तर १७५.९६, म्हणजे सुमारे १७६ ग्रॅम. प्रौढ खेळाडू बहुधा याच्या जवळपासचे वजन पसंत करतात, कारण जड चकती वाऱ्यात ढळत नाही. लहान मुलांना मात्र १५० ग्रॅम किंवा त्याहून हलकी चकती द्यावी. जड चकती त्यांच्या हातून पुरेशी फिरत नाही, आणि न फिरणारी चकती उडत नाही, ती केवळ पडते.

फिरण्याचे हे महत्त्व मुलांना भोवऱ्यावरून समजावून द्यावे. वेगाने फिरणारा भोवरा बोटाने ढकलला तर तो ढकलल्या बाजूस सरळ कलत नाही, ती ढकल काटकोनात दुसऱ्या बाजूस प्रकट होते. चकतीचेही असेच आहे. उजव्या हाताने, हात छातीसमोरून बाहेर नेत फेकलेली चकती वरून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते. वेग कमी होऊ लागला की हवा तिचे पुढचे टोक वर उचलू पाहते. पण फिरत असल्यामुळे टोक वर न जाता चकतीची डावी बाजू खाली झुकते व ती डावीकडे वळते. डाव्या हाताने फेकल्यास सर्व उलट होते. चकतीला उजवे-डावे नाही. म्हणून डावखुऱ्या मुलास उजव्या हाताने फेकावयास लावू नये. त्याची चकती उजवीकडे वळेल, एवढे समजून त्याला उभे राहण्याची जागा बदलून द्यावी.

शेवटचा वळसा सर्वच चकत्यांत सारखा नसतो. काही एकदम वळतात, काही जवळजवळ सरळ जाऊन पडतात. शिकणाऱ्यास सरळ जाणारी द्यावी. याची परीक्षा दुकानात होत नाही, मैदानावरच होते. सहा ते आठ पावलांवरून, चकती आडवी सपाट धरून, जोर न लावता एकाच विद्यार्थ्याने दहा फेकी कराव्यात व चकती जेथे पडेल तेथे खडूने अथवा राखेने खूण करावी. खुणांचा पुंजका लक्ष्यापासून दूर पण एके ठिकाणी असेल तर चकती चांगली, नेम सुधारावयाचा आहे. खुणा चारी दिशांस पसरल्या असतील तर प्रथम पकड तपासावी, मग चकती बदलावी. मी स्वतः या परीक्षेस इतर सर्व परीक्षांहून अधिक मानतो.

चकती कशाची बनली आहे, हेही पाहावे. दोन्ही हातांत धरून किंचित वाकविली असता ती वाकावी व सोडताच पूर्ववत व्हावी. मऊ चकती लागली तरी इजा कमी होते, टोपलीवर आदळून उसळत नाही, आणि आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने आणखी एक सोय अशी की ती जमिनीवर फार घसरत नाही. संक्रांतीनंतर आपली काळी जमीन तडकून टणक होते. मुरमाच्या अंगणात तर टणक चकती पडल्यावर दहा-बारा पावले घरंगळत जाते व शिक्षकाचा तास ती आणण्यातच संपतो. पावसाळ्यात उलट स्थिती असते. तेव्हा चिखल कडेच्या आत भरतो आणि वजन वाढते. म्हणून दर दोन फेकींनंतर चकती पुसण्यासाठी फडके जवळ ठेवावे.

वाऱ्याबद्दल थोडक्यात : समोरून वारा असता चकती वर उचलली जाते व नेहमीच्या वळणास उशीर करते, पाठीमागून असता लवकर खाली येते. सकाळच्या पहिल्या तासास वारा बहुधा पडलेला असतो, म्हणून नेमाचा पाठ त्याच वेळी घ्यावा.

आता खर्चाचा प्रश्न. समग्र शिक्षा योजनेत क्रीडासाहित्यासाठी प्राथमिक शाळेस वर्षाला ५,००० व उच्च प्राथमिक शाळेस १०,००० रुपयांपर्यंत तरतूद ठेवण्यात आली. त्यातून दोरी, चेंडू, रिंग हे सर्व घ्यावयाचे असते. म्हणून चकत्या तीन-चारच घ्याव्यात, पण एकाच जातीच्या घ्याव्यात. प्रत्येक वेगळी असेल तर मुलांची सवय बसत नाही. तेवढेही शक्य नसेल तर चुंबळ आहेच. डोक्यावर घागर ठेवताना घेतात ती चुंबळ कापडाची, घट्ट वळलेली व दोऱ्याने गुंडाळलेली असावी. ती चकतीसारखी तरंगत नाही, पण पाच-सहा पावलांवरील टोपलीसाठी उत्तम, आणि तिच्याने कोणास लागत नाही. तिसरीच्या वर्गास मी अद्यापही प्रथम चुंबळच देतो.

घरगुती साहित्याची लाज बाळगू नये. अमेरिकेत फ्रेड मॉरिसन यांनी १९३० नंतरच्या दशकात समुद्रकिनाऱ्यावर केकचे पत्र्याचे साचे उडवून विकले, त्यातून पुढे १९५७ साली व्हॅम-ओ या कंपनीची प्लास्टिकची चकती बाजारात आली. फ्रिस्बी हे नावही एका बेकरीच्या नावावरून पडलेले आहे. मात्र पत्र्याचे झाकण किंवा ताटली मुलांच्या हाती देऊ नये. त्या काळी चालले, म्हणून आपण चालवावे असे नाही.

पुठ्ठ्याची चकती वर्गात करून घ्यावी. ती फेकीसाठी तितकी नव्हे, जितकी समजण्यासाठी. २२ सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ कापून फेकावयास सांगावे, ते डगमगते. मग काठाभोवती खालच्या बाजूने काथ्याची दोरी खळीने चिकटवावी. दोरी किती लागेल, हे आधी वर्गाने काढावे : २२ गुणिले २२ भागिले ७, म्हणजे सुमारे ६९ सेंटिमीटर. दोरी चिकटविलेली चकती तितक्याच जोरात अधिक स्थिर जाते, कारण वजन मध्यावरून काठाकडे गेले. तीच दोरी गुंडाळी करून मध्यभागी चिकटवून पाहावी. वजन तेच, पण चकती पुन्हा डगमगेल. जवळच्या फेकीच्या चकतीची कड जाड का, याचे उत्तर मुले मग स्वतःच देतात.

लक्ष्यासाठी बाजाराच्या दिवशी बुरडाकडून उथळ, रुंद तोंडाची टोपली घ्यावी. ती खांबास मुलांच्या कमरेइतक्या उंचीवर बांधावी व वर साखळ्यांऐवजी सुतळीच्या जाड लडी सोडाव्यात. खांब कडुनिंबाच्या सावलीत असावा, पण टोपलीच्या मागे वाट, हातपंप किंवा वर्गाचे दार नसावे. फेकणारा सोडून बाकी सर्व मुले फेकणाऱ्याच्या मागे उभी राहतील, आणि चकती आणण्यासाठी शिक्षकाच्या शिटीशिवाय कोणी पुढे जाणार नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा. मूळ खेळात टोपलीपासून दहा मीटरच्या आत आल्यावर फेकून झाल्यावर तोल सावरून उभे राहिल्याशिवाय पुढे पाऊल टाकता येत नाही. हा नियम आपण तीन मीटरवरही लावावा. त्याने मुले धावत जाऊन फेकण्याचे थांबतात.

उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी चकत्या मोजून, धुऊन, आडव्या एकावर एक ठेवाव्यात. वर रजिस्टरांचा गठ्ठा ठेवू नये. पत्र्याच्या छपराखाली भिंतीस टेकवून उभी ठेवलेली चकती मे महिन्याच्या उष्णतेने वाकते. वाकलेली चकती कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवून सपाट फरशीवर हाताने दाबली असता बहुधा पूर्ववत होते. न झाल्यास ती पुठ्ठ्याच्या चकतीबरोबर प्रयोगासाठी राखून ठेवावी, फेकीस देऊ नये.