मातीकामाचे कसब

(रस्ता, तलाव किंवा कालवा बांधताना सर्वांत आधी मातीचे काम करावे लागते. पूर्वी हे काम हाताने होत असे, नंतर यंत्रे आली, आणि आता आकाशातील उपग्रह त्या यंत्रांना वाट दाखवू लागले आहेत. मग माणसाच्या कसबाचे काय झाले? प्रस्तुत पाठात याचा विचार केला आहे.)

किनवट हे नांदेड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव पैनगंगा नदीच्या काठी वसले आहे. आसपास डोंगर, सागाचे जंगल आणि काळ्या मातीची शेते आहेत. उन्हाळा आला, की या भागात कोठे ना कोठे मातीचे काम चालू असलेले दिसते. कोठे शेततळे खणले जाते, कोठे नाल्यातील गाळ काढला जातो, तर कोठे रस्त्यासाठी भराव घातला जातो. पिवळ्या रंगाचे जेसीबी पाहायला मुले गोळा होतात. माती उचलायची आणि दुसरीकडे टाकायची, यात अवघड ते काय, असे पाहणाऱ्याला वाटते.

अवघड असते ते मोजमाप. एक उदाहरण पाहू. कालव्याचा ढाळ पाच हजारांस एक ठेवायचा, असे ठरले. याचा अर्थ, एक किलोमीटर अंतरात कालव्याचा तळ फक्त २० सेंटीमीटर उतरला पाहिजे. म्हणजे जेमतेम एक वीत! मध्येच तळ थोडा उंच राहिला, तर पाणी तेथे तुंबते. मग शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला पाणी मिळत नाही. रस्त्याचेही तसेच. ढाळ चुकला, की पावसाचे पाणी रस्त्यावर साचते आणि रस्ता लवकर खराब होतो. म्हणून मातीकामात दोन प्रश्न नेहमी विचारावे लागतात: उंची किती आणि ढाळ किती?

हे प्रश्न फार जुने आहेत. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने खडकी गावात, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, नहर बांधली. ती नहर-ए-अंबरी या नावाने प्रसिद्ध आहे. डोंगराकडील पाणी जमिनीखालच्या नळातून शहरात आणले गेले. पाणी ओढण्यासाठी तेथे कोणतेही इंजिन नव्हते. ते केवळ ढाळामुळे वाहत होते. किनवटवरून जाणारा मुदखेड ते आदिलाबाद हा लोहमार्ग हैदराबाद संस्थानाच्या काळात तयार झाला. त्याचे भरावही मजुरांच्या हातांनीच घातले गेले. १९७२ सालच्या दुष्काळात महाराष्ट्रातील लाखो स्त्री-पुरुष दुष्काळी कामांवर गेले. त्यांनी कुदळ, फावडे आणि घमेले घेऊन पाझर तलाव आणि रस्ते तयार केले.

त्या वेळी मोजमापाची साधने साधी होती. दोन खुंट्या ठोकायच्या आणि त्यांना दोरी ताणून बांधायची. पारदर्शक नळीत पाणी भरले, की नळीच्या दोन्ही टोकांचे पाणी एकाच पातळीवर राहते. त्यावरून दोन ठिकाणांची उंची ताडून पाहता येते. भराव घट्ट करायला धुमस असे. वडार समाजातील कारागिरांनी पिढ्यान्पिढ्या मातीचे आणि दगडाचे काम केले. त्यांचा हुन्नर कोणत्याही पुस्तकात लिहिलेला नव्हता. तो बापाकडून मुलाकडे आला.

पुढे यंत्रे आली. माती खणणाऱ्या मोठ्या यंत्राला आपल्याकडे सर्रास 'पोकलेन' म्हणतात. हे मुळात फ्रान्समधील एका कंपनीचे नाव आहे. माती सारखी करणारे यंत्र म्हणजे ग्रेडर. त्याच्या पोटाखाली एक लांब पोलादी पाते असते. हे पाते किती खाली घ्यायचे आणि किती तिरके करायचे, हे चालक ठरवतो. ग्रेडरवर हात बसायला काही वर्षे लागतात. जुना चालक इंजिनाचा आवाज ऐकून पाते किती खोल गेले ते ओळखतो. बसल्या जागी जाणवणाऱ्या कंपनावरून त्याला माती मऊ आहे की खाली दगड आहे, ते समजते. तरीही उंची तपासण्यासाठी त्याला वारंवार थांबावे लागते. एक मदतनीस पट्टी धरून उभा राहतो आणि दुसरा दुर्बिणीतून पाहून आकडा सांगतो. मग पुन्हा काम सुरू होते.

येथेच उपग्रह मदतीला आले. अमेरिकेची जीपीएस व्यवस्था १९९५ साली पूर्णपणे सुरू झाली. तिचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. भारतानेही २०१३ साली पहिला उपग्रह सोडून 'नाविक' ही आपली व्यवस्था उभारायला सुरुवात केली. उपग्रहाचा संदेश यंत्रावरील ग्राहकापर्यंत पोहोचायला किती वेळ लागला, यावरून अंतर कळते. अशा चार उपग्रहांचे संदेश मिळाले, की जागा निश्चित करता येते. वेळ मात्र फार काटेकोर मोजावी लागते. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तरी अंतरात सुमारे ३०० मीटरचा फरक पडतो.

आपल्या मोबाइलमधील नकाशा काही मीटर इकडेतिकडे चुकू शकतो. मातीकामात तेवढी चूक चालत नाही. म्हणून कामाच्या जागेजवळ, आधी अचूक मोजलेल्या बिंदूवर, आणखी एक ग्राहक ठेवतात. त्याची खरी जागा ठाऊक असते. त्यामुळे उपग्रहांच्या संदेशात किती फरक येत आहे, हे त्याला कळते. तो ही दुरुस्ती रेडिओने यंत्राकडे पाठवतो. मग चूक दोन-तीन सेंटीमीटरवर येते. आज महाराष्ट्रात शेतजमीन मोजताना मोजणीदार 'रोव्हर' नावाचे उपकरण वापरतात. तेही याच तत्त्वावर चालते.

यंत्राच्या पात्याला किंवा बकेटला संवेदक लावलेले असतात. चालकासमोर एक पडदा असतो. रस्ता कसा हवा, याचा आराखडा त्यात आधीच भरलेला असतो. पाते कोठे आहे आणि कोठे असायला हवे, हे पडद्यावर दिसते. काही यंत्रांत तर पाते आपोआप वर-खाली होते. लखनौ ते कानपूर हा सुमारे ६३ किलोमीटरचा द्रुतगती मार्ग बांधताना, २०२४ च्या सुमारास, केंद्र सरकारने अशा यंत्रांचा प्रयोग हाती घेतला. अशा यंत्रांमुळे खुंट्या कमी लागतात, एकच काम पुन्हा पुन्हा करावे लागत नाही आणि डिझेल वाचते. शिवाय पट्टी धरून यंत्राजवळ उभे राहण्याचा धोका टळतो.

मग चालकाचे कसब वाया गेले काय? आता एक कल्पना करा. किनवटजवळ रस्त्याचा भराव घातला जात आहे. नव्या ग्रेडरवर एक तरुण चालक बसला आहे. शेजारी तीस वर्षे यंत्र चालवलेले एक चाचा उभे आहेत.

"चाचा, पडद्यावर उंची अगदी बरोबर आली. आता वरचा थर घालू या का?" तरुणाने विचारले.

चाचांनी वाकून मूठभर माती घेतली आणि दाबून गोळा केला. माती बोटांना चिकटली.

"बेटा, पडद्याने उंची बरोबर सांगितली. पण ही माती फार ओली आहे, हे त्याने सांगितले नाही. शिवाय तिच्यात काळी माती मिसळली आहे. आज वर थर घातलास, तर पावसाळ्यानंतर रस्ता खचेल."

"पण रोलरलाही संवेदक आहेत ना?"

"आहेत. माती घट्ट झाली नाही, एवढे ते सांगतील. का झाली नाही, ते आपल्याला शोधावे लागेल. थोडी माती प्रयोगशाळेत पाठव. माझ्या मुठीवरही सगळा विश्वास टाकू नकोस."

चाचांचे म्हणणे खरे आहे. काळी माती पाण्याने फुगते आणि वाळली, की तिला भेगा पडतात. म्हणून रस्त्याखालची अशी माती काढून मुरूम घालतात किंवा तिच्यात चुना मिसळतात. फार कोरडी माती एकजीव होत नाही आणि फार ओली माती रोलरखाली दबण्याऐवजी सरकते. उपग्रह जागा सांगतो, मातीचा स्वभाव सांगत नाही.

उपग्रहावर चालणाऱ्या यंत्राला आणखी अडचणी आहेत. दाट सागवानाखाली किंवा खोल खोदकामात आकाश नीट दिसत नाही, तेव्हा संदेश तुटतो. आराखडाच चुकीचा भरला, तर यंत्र ती चूक अगदी अचूकपणे करते! पूर्वी कोणी खुंटी हलवली, की सारे काम चुकत असे. आताही बिंदू चुकला, की तेच होते. म्हणून जाणते चालक रोज सकाळी ठाऊक असलेल्या बिंदूवर पाते टेकवून उंची पडताळून पाहतात. जमिनीखाली पाण्याचा नळ किंवा तार असेल, तर तेथे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. जुन्या चालकाला थकवा येतो आणि रात्री त्याची नजर कमी पडते. अंदाज कितीही चांगला असला, तरी किलोमीटरला २० सेंटीमीटरचा ढाळ डोळ्यांना दिसत नाही. तेथे उपग्रहच सरस ठरतो. मात्र पट्टी धरणाऱ्या मदतनिसाचे काम नव्या पद्धतीत कमी होते. त्याच्या पोटावर पाय येऊ नये, यासाठी त्याला पडदा वाचण्याचे आणि बिंदू तपासण्याचे शिक्षण मिळाले पाहिजे. तो रोज उंचीचेच काम करत आला आहे. त्यामुळे हे शिकणे त्याला इतरांपेक्षा सोपे जाईल.

मुलांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या अशा यंत्रावर बसेल. भूमिती, नकाशा आणि दशांश अपूर्णांक तेव्हा उपयोगी पडतील. पडदा वाचायला जरूर शिका. पण यंत्र सुरू करण्यापूर्वी एकदा खाली उतरा आणि माती हातात घेऊन पाहा.

शब्दार्थ

कसब – कामातील कौशल्य. भराव – जमीन उंच करण्यासाठी टाकलेली माती. ढाळ – उतार. वीत – पसरलेल्या अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंतचे अंतर. धुमस – माती ठोकून घट्ट करण्याचे साधन. ग्राहक – (येथे) संदेश घेणारे उपकरण. संवेदक – बदल ओळखणारे उपकरण. मुरूम – बारीक खड्यांची माती.

वाक्प्रचार

हात बसणे – चांगला सराव होणे.
डोळ्यांत तेल घालून पाहणे – फार काळजीपूर्वक लक्ष ठेवणे.
पोटावर पाय येणे – रोजगार जाणे.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) किनवट कोणत्या नदीच्या काठी आहे?
(आ) नहर-ए-अंबरी कोणी बांधली?
(इ) जागा निश्चित करण्यासाठी किती उपग्रहांचे संदेश लागतात?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) कालव्याच्या टोकाच्या शेतकऱ्याला कधी कधी पाणी मिळत नाही.
(आ) कामाच्या जागेजवळ आणखी एक ग्राहक ठेवतात.
(इ) चाचांनी वरचा थर घालू दिला नाही.

प्र. ३. कालव्याचा ढाळ चार हजारांस एक असेल, तर एक किलोमीटरमध्ये तळ किती सेंटीमीटर उतरेल?

प्र. ४. वचन बदला: खुंटी, पाते, कालवा, नळी.

प्र. ५. कसब, हुन्नर, अंदाज, नजर, मजूर, जमीन हे शब्द उर्दूतही आहेत. दोन्ही भाषांत त्यांचे अर्थ सारखेच आहेत का, ते पाहा. प्रत्येक शब्द वापरून मराठीत एक वाक्य लिहा.

उपक्रम: आपल्या गावातील एखाद्या जेसीबी किंवा ग्रेडर चालकाला भेटा. माती कशी ओळखावी, हे त्यांना विचारा आणि मिळालेली माहिती दहा ओळींत लिहा.